चमचाभर जुना कोंडा

प्रयोगशाळेत तिला सगळे माशीमावशी म्हणायचे. घरी सून काही म्हणायची नाही, नुसती उठून खिडकी उघडायची. मावशीला काय ते कळायचं.

माशीघर म्हणजे एक बिनखिडक्यांची, उबट खोली. आत जायला एकामागे एक अशी दोन जाळीची दारं, मध्ये जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. ट्रेमध्ये भिजवलेला कोंडा आणि त्यात वळवळणाऱ्या माशीच्या अळ्या. त्या पोसायच्या, धुवायच्या, वाटायच्या आणि गाळलेला अर्क मॅडमकडे पाठवायचा. मॅडमनी जंतूंच्या बशीत त्याचा थेंब टाकला, की भोवतालचे जंतू साफ! पलीकडच्या खोलीत विषाणूंवरही त्याची चाचणी चालली होती. अर्क मोठा गुणी, पण खोलीचा वास? अरे बापरे! साबणाची वडी संपायची, वास काही जायचा नाही.

वर्षानुवर्षं मावशीने तो सोसला. पण यंदा नात झाली. मावशी केसांवरून आंघोळ करून हात पुढे करायची आणि सून म्हणायची, "आई, राहू द्या ना आत्ता. तिचा डोळा लागलाय." पोर टक्क जागी असायची!

शेवटी तिने मॅडमना हात जोडले. "मला बाटल्या धुवायला टाका, हातात झाडू द्या, पण इथून काढा हो."

"नव्या बाईंना तयार करा," मॅडम म्हणाल्या. "त्यांचा अर्क चालला की तुम्ही मोकळ्या."

मावशीने नवीला जीव तोडून शिकवलं. नवीही चटपटीत होती. ट्रे असे उकळून काढायची, की त्यात तोंड दिसावं. पण तिच्या अर्काला जंतू भीक घालेनात. पुन्हा केला, तरी तेच. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या, आणि मावशीची सुटका लांबली.

नवीच्या त्या लखलखीत ट्रेकडे बघता बघता मावशीच्या एकाएकी लक्षात आलं. दर खेपेला ट्रे उकळायचे, हा मॅडमचा कडक नियम. मावशीने तो कधी पाळलाच नव्हता! कंटाळा, दुसरं काय? वर जुना आंबलेला कोंडा चमचाभर नव्यात कालवायची, म्हणजे अळ्या भराभर खातात असा तिचा समज. त्या घाणीतल्या जंतूंशी झगडतानाच अळ्यांच्या अंगात तो गुण येत असणार. नवीच्या अळ्यांना झगडायला कुणी नव्हतंच. पण हे मॅडमना सांगणार कोणत्या तोंडाने? नोकरीच गेली असती, आणि मुलगा तर आधीच घरी बसलेला.

तिने नवीला दोन दारांमध्ये गाठलं. "चमचाभर जुना कोंडा घालत जा. आणि कुणाला बोलू नकोस." नवीने मान डोलावली.

पुढचा अर्कही वाया गेला. मावशी तणतणत आत शिरली. ट्रे पुन्हा चकचकीत!

"अगं बये, सांगितलेलं डोक्यात शिरलं नाही का तुझ्या?"

"शिरलं होतं, मावशी." नवीने नजर चुकवली नाही. "पण अर्क जमला असता तर तुमच्यासारखी मीही इथेच राहिले असते. घरी माझं तान्हं आहे हो. या वासामुळे ते अंगावर प्यायचं बंद झालंय."

मावशीला राग तर आला होता, पण रागावायचं कुणावर, तेच तिला कळेना.

मॅडमनी नवीला बाटल्या धुवायच्या कामाला लावलं. मावशीने दोन्ही दारं ओढून घेतली आणि जुना कोंडा नव्यात कालवला.

त्या संध्याकाळी ती घरी आली तशी सून उठून खिडकी उघडायला गेली. नात मावशीला बघून खुदकन हसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. मावशीने आपले हात पाठीमागे नेले.