सारजामावशींचा दुभाष्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि मी कसा माणूस आहे? बसमध्ये शेजारच्याला दोन शिंका आल्या, तर संध्याकाळपर्यंत त्याचं तीन अंकी नाटक करून दाखवणारा. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या आमच्या चर्चच्या मंडळीत कोणाच्या वाढदिवसाला मला बोलवायचं राहिलं, तर केक खाताना लोक दाराकडे बघत बसतात म्हणे. थोडक्यात, गप्प बसणं हा माझा गुण नाही. तरी या एका गोष्टीबद्दल मी कितीतरी वर्षं गप्प आहे. का? सांगतो. पण सरळ चालत जाऊन सांगता येईल असं वाटत नाही. जरा फिरून फिरून येतो. तुम्ही बसा.

गेल्या महिन्यात आमच्या पाळकांनी कृपादानांवर प्रवचन केलं. देवाने प्रत्येकाला काही ना काही देऊन पाठवलेलं असतं, ते ओळखा, वापरा, असं. नंतर कॉफीला बसल्यावर लोकांना चेव आला. तुझं दान कोणतं, हिचं कोणतं? एकीचं पाहुणचार, एकाचं शिकवणं. माझी पाळी आली तेव्हा एक म्हातारे गृहस्थ चमचा वर करून म्हणाले, "हेर डॉक्टरांचं काय विचारता? भाषेचा अर्थ सांगणं! त्या भारतीय आजी आल्या होत्या तेव्हा आठवतं ना?" सगळे म्हणाले, "गेनाऊ, गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. टाळ्या पडल्या. मी उठून नटासारखा वाकलो. अगदी झोकात.

आणि घरी जाताना नेकार नदीच्या पुलावर थांबलो तो थांबलोच. घरी जावंसं वाटेना, परत फिरावंसंही वाटेना. तेव्हापासून हे असंच चाललंय. जेवायला बसलो की उठतो, उठलो की पुन्हा बसतो.

आता त्या आजींकडे येतो.

मी मूळचा नगरचा. आजोबा पाळक, वडील मिशनच्या शाळेत शिक्षक. आमच्या घरी मुलांना, मोठेपणी कोण होणार, असं विचारत नसत. देवाने तुला कशासाठी पाठवलंय, असं विचारत. थोरला भाऊ पेटी वाजवायचा, बहीण नर्स व्हायला निघाली. मी काय करायचो? नकला. आलेल्या गेलेल्या प्रत्येक पाळकाची नक्कल. आई तोंडाला पदर लावून हसायची आणि मग म्हणायची, "पण हे काही दान नव्हे हो." मी रसायनशास्त्र शिकलो, संशोधनासाठी हायडेलबर्गला आलो, तरी ते वाक्य सोबत आलंच. नव्हे, तर मग कोणतं?

रशियातले शेवटचे जर्मन युद्धकैदी नुकतेच घरी परतले होते, त्या सुमाराची गोष्ट. इथल्या मंडळ्यांनी नगरकडच्या एका बायबलबाईला बोलावलं. बायबलबाई म्हणजे मिशनतर्फे खेड्यात घरोघर जाऊन बायकांना देवाच्या गोष्टी सांगणारी बाई. या बाईंचं नाव सारजा. आम्ही सगळे त्यांना सारजामावशी म्हणत असू. त्यांना मराठीखेरीज काही येत नव्हतं, म्हणून दुभाष्या मी. नऊवारीवर कोणाचातरी काळा कोट, पायात लोकरी मोजे आणि त्यावर वहाणा, अशा त्या स्टेशनवर उतरल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "पोरा, इथल्या सूर्याला झालंय काय रे?"

पहिल्याच गावात, भरलेल्या सभेत, मावशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सलाम. मी सारजा. माझा नवरा गेला, मग पोरगी गेली. मी घरोघर जाते, बायांपाशी बसते. येशूपण येऊन बसतो. एवढंच." आणि बसल्या.

मी शब्दाला शब्द सांगितलं. सभागृहात चिडीचूप. कोणीतरी खोकलं. पाळकांनी घड्याळ बघितलं. आता मला सांगा, भरल्या सभागृहातली शांतता माझ्यासारख्या माणसाने सहन कशी करायची?

दुसऱ्या गावात मी सांगताना एक वाघ घातला. एकच! मावशींच्या गावाजवळ वाघ सोडाच, त्याला लपायला झुडूप नव्हतं. पण लोक पुढे सरकून बसले. तिसऱ्या गावात नदीला पूर आणला आणि मावशींना डोक्यावर पुस्तकांचं गाठोडं घेऊन पोहत पलीकडे नेलं. बायकांनी रुमाल काढले. चौथ्या गावात तर सभागृहाबाहेर माणसं उभी होती, आणि मी वाघ पुन्हा आणला.

बाहेर पडताना मावशी म्हणाल्या, "एवढंसं बोलले मी, अन् तू केवढा वेळ बोललास?"

"मावशी, जर्मन शब्द फार लांब असतात."

"अगं बाई! तोंड दुखत नाही का यांचं?"

हसलात ना? मीही हसतो. हा भाग मी मनातल्या मनात पुष्कळदा रंगवलाय. पण माझा कबुलीजबाब हा नव्हे. हा असता तर मी केव्हाच वाढदिवसाच्या पार्टीत सांगून टाळ्या घेतल्या असत्या.

हळूहळू मावशींना ते आवडायला लागलं. का नाही आवडणार? जन्मभर चुलीपाशी बसून बोललेली बाई. ती उभी राहून चार वाक्यं बोलते आणि परक्या देशातली दोनशे माणसं रडतात. त्या हात वर करायला शिकल्या. बोलून झालं की माझ्याकडे वळून थांबायच्या, लोकांचा हुंदका येईपर्यंत. हुंदका आला की हळूच मान हलवायच्या. चांगल्या नटीला जमणार नाही अशी मान.

आता फ्राऊ केलरकडे यायला हवं. यायला हवं, पण मन मागे ओढतंय.

ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका खेड्यात आम्ही त्यांच्या घरी उतरलो होतो. त्या विधवा होत्या आणि एकुलता मुलगा रशियात हरवलेला. कैद्यांची शेवटची गाडी येऊन गेली, तिच्यातही तो नव्हता. तेव्हापासून बाईंनी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, यायचं सोडलं होतं. पाळक दोनदा गेले तर दार उघडलं नाही. मंडळीच्या सांगण्यावरून आम्हाला खोली दिली, तीही आतल्या बाजूची, एक शब्द न बोलता.

मावशींची एक रीत होती. कोणाच्याही घरी गेलं की आधी तिथलं काम हातात घ्यायचं. दळण असेल तर दळण, निवडणं असेल तर निवडणं. काम संपेपर्यंत देवाचं नाव काढायचं नाही. पहिल्या सकाळी फ्राऊ केलर बटाटे सोलत होत्या. मावशींनी दुसरी सुरी उचलली आणि समोर बसल्या. मी लगबगीने खुर्ची ओढली. दुभाष्या ना मी! तर मावशी म्हणाल्या, "तू जा बाहेर. तुझं इथं काय काम?"

मी अंगणात कोंबड्यांजवळ उभा राहिलो. खिडकीतून दिसत होतं. मावशी मराठीत बोलत होत्या, ती बाई तिथल्या खेडवळ जर्मनमध्ये. मग ती बाई हसली. पुष्कळ वेळाने टेबलावर डोकं ठेवून रडली. मावशी सोलत राहिल्या.

असं रोज. चौथ्या दिवशी फ्राऊ केलर देवळात आल्या, मागच्या बाकावर बसल्या. पाळकांनी माझा दंड धरला. "सांगा तर, आजी त्यांना काय म्हणाल्या? आम्हाला इतके दिवस जमलं नाही!" आणि मला म्हणावं लागलं, मला माहीत नाही. ते माझं सगळ्यात अवघड जर्मन वाक्य.

मी मावशींना विचारलं. म्हणाल्या, "मी माझ्या पोरीचं सांगते. ती तिच्या पोराचं सांगत असणार."

त्यांचं दान काय आहे हे त्या क्षणी जगात फक्त मला कळलं होतं. पाळकांना नाही, मावशींनाही नाही. आणि त्या दानाला माझी गरज नव्हती.

पाळकांना मात्र वाटत होतं की खरं सामर्थ्य सभांमध्ये आहे. त्यांनी ठरवलं, नगरला कळवायचं की या बाईंना खेड्यापाड्यांत फिरवत ठेवू नका, मोठ्या सभांमध्ये बोलायला उभं करा. ते मी मावशींना सांगितलं, गंमत बघा, शब्दाला शब्द.

शेवटच्या दुपारी त्यांनी मला फळझाडांखालच्या बाकावर बोलावलं. समोर स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत फ्राऊ केलरनी घेवड्याची टोपली टेबलावर ठेवली होती आणि शेजारी दोन सुऱ्या.

मावशी म्हणाल्या, "खरं सांग हं. मला उभी राहून बोलता येतं हे ठाऊकच नव्हतं. देवाने हे म्हातारपणी दिलं का मला? की तुझं आहे ते? तुझं असलं तर सांग, मी आपली माझ्या गावांत परत जाते. मला वाईट नाही वाटायचं. मी बोलते तेच सांगतोस ना?"

इतकं सोपं करून कोणी कधी विचारलंय मला? नुसतं, नाही मावशी, एवढं म्हणायचं होतं. त्या हसल्या असत्या, वाघाबद्दल ऐकून माझ्या पाठीत धपाटा घातला असता.

मी घाबरलो होतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. त्यांना दुखवायचं नव्हतं, असंही. छे. मी त्या दोन सुऱ्यांकडे बघत होतो. दोन. तिसरी नव्हती. मावशी त्या टेबलाशी गेल्या की मी पुन्हा कोंबड्यांत. सभेत उभ्या राहिल्या की मी त्यांच्या शेजारी. मी स्वच्छ डोक्याने निवड केली.

म्हणालो, "मावशी, मी नुसतं तोंड. शब्द तुमचेच."

त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मग म्हणाल्या, "तर मग त्या बाईला सांग, आज नाही जमायचं. संध्याकाळचं बोलणं तयार करते."

हे मी फ्राऊ केलरना सांगितलं. उत्तम जर्मनमध्ये, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. त्यांनी एक सुरी खणात परत ठेवली.

काही वर्षांनी मी सुट्टीवर नगरला गेलो. मावशींची गावं दुसऱ्या तरुण बाईला दिली होती. मावशी सभांमध्ये बोलत. म्हणजे उभ्या राहत, हात वर करत, चार वाक्यं बोलून थांबत, आणि लोक आपापल्या पोरांना गप्प करत बसत. कोणीतरी घाईने पेटी सुरू करायचं. मी गेलो त्या संध्याकाळी तरुण मंडळींची सभा होती. मावशी बोलत होत्या आणि मागच्या रांगेत खुसखुस चालली होती. एवढ्यात त्यांनी मला पाहिलं.

"हा बघा! हा होता तिथं! सांग रे यांना, जर्मनीत काय व्हायचं ते!"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. बाहेर उभी राहिलेली माणसं, रुमाल, हुंदके. मधेमधे थांबून, आवाज खाली आणून. खुसखुस बंद झाली. पोरं मावशींकडे नव्याने बघायला लागली आणि मावशी ताठ बसल्या. फार छान जमलं होतं मला. आणि मी खूश झालो, तेवढ्यापुरता खरोखर खूश.

त्यांना घरी पोचवायला निघालो. वाटेत त्या हळूच म्हणाल्या, "पोरा, मग इथं का होत नाही रे? तेच बोलते मी. शब्दसुद्धा तेच."

किती माणसांना एकच प्रश्न दोनदा विचारला जातो?

मी म्हणालो, "इथल्या लोकांची मनं कठीण झालीत, मावशी."

त्या चालता चालता थांबल्या. मान हलवली. "मलाही तेच वाटत होतं," म्हणाल्या. मग रस्त्याकडेच्या एका घराकडे बोट केलं. "त्यांचं पोर गेलं परवा. उद्या जाऊन बसावं म्हणत होते. पण जाऊ दे. मनंच कठीण, तर बसून काय होणार? त्यापेक्षा रविवारचं नीट तयार करते."

"हो मावशी," मी म्हणालो, "तेच बरं."

त्यांना दारापर्यंत सोडलं. सलाम केला. परतताना ते घर लागलंच. दार उघडं होतं, आत दिवा होता, आणि एक बाई सुपात काहीतरी निवडत एकटी बसली होती. तिने वर पाहिलं. मी पुढे गेलो.