पेटीची पिन

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. ताईजवळ तर नाहीच नाही. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं, पण मग मी चहाचं विचारलं, नाहीतर उन्हाचा विषय काढला. नागपुरात तेवढं एक बरं आहे—बोलायला काही सुचलं नाही की उन्हावर बोलता येतं, कोणी शंका घेत नाही.

कुठून सुरू करू? खेळापासूनच करते. तुम्हाला हसू येईल. येऊ द्या.

मी तेव्हा पस्तिशीची. लग्न केलं नव्हतं, बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली, मोठी बहीण मस्कतला नर्स. सक्करदऱ्याच्या घरात मी आणि आई, दोघीच. आईच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, बाकी दिवस पलंगावर. मी घरूनच टायपिंगचं काम करायचे, आणि तिचा डोळा लागला की लॅपटॉपवर एक खेळ काढून बसायचे. कब्रस्तान सांभाळायचा खेळ. असाही खेळ असतो, हो.

गाडी येते, दाराशी प्रेत टाकून जाते. प्रत्येक प्रेतावर एक हिरवी पट्टी असते, ताजेपणाची. वेळ गेला की ती पिवळी होते, मग लाल. लगेच पुरायला उसंत नसेल तर प्रेत तळघरात न्यायचं, बर्फावर ठेवायचं, औषध भरायचं, पट्टी हिरवी राखायची. मी यात पटाईत झाले होते. माझ्या तळघरात एका वेळी अकरा प्रेतं असायची आणि अकराही हिरवीगार. बढाई मारत नाही—खरं तर मारतेच आहे.

आईनं एकदा पलंगावरून मान वळवून पाहिलं. "काय वं, दिवसभर मुडदे पुरून राहिली काय?" मी म्हटलं, पुरत नाही, नीट ठेवते. तर म्हणे, "मंग मले बी अशीच नीट ठेवजो." आणि हसली. मीही हसले. तिची जीभ तशीच होती, आजारपणातही तिखट.

ती गेली मे महिन्यात, पहाटे. अंगात विष भिनलं होतं, शेवटचे दोन दिवस अंगावर सूज होती. ताईला फोन मीच केला. ती रडली नाही. म्हणाली, "उद्या सकाळी पोचतो मी. तोवर नेऊ नका. मले तिचं तोंड पाहू दे. पाणी मी पाजीन." आमच्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात घरचे तुळशीच्या पानानं पाणी घालतात, पहिलं पाणी थोरल्या लेकराचं. ताई चार वर्षांत आली नव्हती. सुट्टी मिळाली नाही, मिळाली तेव्हा तिकीट नाही—आईशी तिचं सगळं फोनवरच. तिला त्या पाण्याशिवाय दुसरं काही नको होतं.

काका आणि आत्या लगेच आले. काका म्हणाले, ठेवू उद्यापर्यंत. महाल भागातून दादाराव आले, बर्फाची पेटी छोट्या टेम्पोत घालून. सत्तरीचा माणूस, वरून काच असलेली ती विजेवरची थंड पेटी गरजूंच्या घरी सेवा म्हणून नेऊन ठेवायचा, हातात काही घ्यायचा नाही. तोवर आई बर्फाच्या लाद्यांवर होती. दहा वाजता तिला पेटीत ठेवलं. जाताना दादाराव मलाच म्हणाले, "बाई, पिन काढू नका कोणी. लाईट गेली तर मले फोन करजा, कितीबी वाजो." मी मान हलवली.

पुढच्या खोलीत एकच बोर्ड. दोन पिना बसायच्या—एक कूलरची, एक पेटीची. एक्स्टेन्शन बाहेर मांडवात गेलं होतं, पुरुष मंडळींच्या पंख्यासाठी.

बारा वाजले आणि सगळं ओस पडलं. मे महिन्यातलं नागपूर तुम्ही पाहिलं असेल तर सांगायला नको, बारा ते पाच कुत्रंही सावली सोडत नाही. भेटायला येणारे थांबले. मांडवातले घरोघरी गेले. शेजारच्यांनी पाठवलेलं पिठलं-भाकर खाऊन काका आत आडवे झाले. प्रेत एकटं सोडू नये म्हणतात. म्हणून खोलीत आत्या आणि मी. आत्याला कूलरसमोर चटईवर डुलकी लागली. मी भिंतीला टेकून बसले, आणि लॅपटॉप उघडला.

त्या दिवशी? हो, त्या दिवशी. आई समोर काचेखाली. तुम्ही म्हणाल, डोकं ठिकाणावर नसेल. होतं. रडू येत नव्हतं, हात रिकामे होते, आणि त्या खेळात प्रेताचं काय करायचं ते मला नक्की माहीत होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या वेळी डोक्यात काय होतं, एवढंच सांगते.

लॅपटॉपची बॅटरी बाद झालेली. चार्जर काढला की दहा मिनिटांत मान टाकायचा. आणि त्या खेळात खाटेवर जाऊन झोपल्याशिवाय केलेलं काम जपलं जात नाही. मी तर सगळी प्रेतं तळघरात लावत बसले होते. स्क्रीनवर लाल खूण आली. आत उठून जाता येत नव्हतं—आत्या झोपलेली, प्रेताला एकटं कसं सोडायचं? कूलर बंद केला असता तर आत्या मिनिटभरात घामानं जागी झाली असती आणि मांडीवरचा लॅपटॉप तिला दिसला असता. जनाची लाज होती ना मला. मग मी पेटीची पिन काढली.

दहा मिनिटांसाठी. असं ठरवलं होतं.

कूलरची घरघर इतकी की पेटीचा आवाज थांबलेला कोणाला कळण्यासारखाच नव्हता. ती चालू असल्याचा लाल दिवा हारांखाली झाकलेला. आत्या पाचला उठली, चहा मागितला, मी उठताना पायाला पिन लागली—आणि मग आठवलं. स्वतःला मी वर्षानुवर्षं असंच सांगत आले. विसरले म्हणून.

विसरले नव्हते. हेच सांगायला एवढा वेळ घेतला. तासाभरानं माझी नजर त्या पिनेवर गेली होती. फरशीवर पडली होती, माझ्यापासून हातभर. काचेवर आतून थेंब आलेले दिसत होते. मला समजलं होतं. आणि मी मनात म्हटलं, एवढं आवरू दे, मग लावते. त्यानंतरही एकदा पाहिलं. तेव्हाही हेच म्हटलं. बाहेर सेहेचाळीसचं ऊन, अंगात विष भिनलेली माझी आई बंद काचेखाली, आणि मी पाच वाजेपर्यंत खोट्या प्रेतांच्या पट्ट्या हिरव्या राखत बसले. पाचला आत्या कूस बदलायला लागली तशी लॅपटॉप मिटून पिन लावली, थेंब आतून होते तरी काच ओढणीनं वरूनच पुसली, आणि चहा ठेवायला गेले.

सकाळी काकांनी पेटी जराशी उघडली आणि लगेच लावून टाकली. मग सगळ्या खोलीभर उदबत्त्या लावायला सांगितल्या. मी वाकून पाहिलं. काय दिसलं ते सांगणार नाही. आईचं जे उरलं आहे तेवढं तरी माझ्याकडून आणखी खराब व्हायला नको.

ताई आठ वाजता आली, विमानतळावरून तशीच, पाठीला पिशवी. आईला पांढऱ्या कापडात पूर्ण गुंडाळलं होतं, तोंडासकट. काका आडवे आले. "नको पाहू बेटा. जशी होती तशीच ध्यानात ठेव." ताईनं एवढंच विचारलं—"काहून?" उत्तर त्या खोलीत एकीलाच माहीत होतं आणि ती ओढणी तोंडाशी धरून उभी होती. ताईनं जोर केला नाही. तांब्यातलं पाणी तुळशीच्या पानानं घेतलं आणि कापडावरच सोडलं, जिथे तोंड असेल असं वाटलं तिथे. कापड भिजून आत चिकटलं. ताई ते ओलं पाहत राहिली.

दादाराव पेटी न्यायला आले तेव्हा काकांनी त्यांना फाटकातच धरलं. "चालू तरी होती काय गा तुमची पेटी? अशी बिघडलेली वस्तू लोकांच्या घरी देता काहून?" म्हाताऱ्यानं हात जोडले. "चुकलं माझं. मले तपासून आणायले पाहिजे होती." मग ताईकडे वळून तिच्यापुढेही हात जोडले. मी चार पावलांवर होते. दोन शब्द पुरले असते. मी चप्पल शोधायला खाली वाकले.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतलं एक म्हातारं माणूस गेलं. मी भेटायला गेले तर पेटीशेजारी, भिंतीलगत, स्टुलावर दादाराव बसलेले. मला ओळखलं नाही. घरच्या बाईनं सांगितलं, हे आता पेटी ठेवून जात नाहीत, उचलेपर्यंत स्वतः बसून राहतात, दर घडीला काचेला हात लावून पाहतात, जेवतही नाहीत. एकदा कोण्या घरी पेटीनं दगा दिला म्हणे, तेव्हापासून. मी त्यांच्यासमोरून गेले, हार घातला, परत आले. तेव्हाही बोलले नाही.

आणि ताई. ताई दर रविवारी फोन करते. अधूनमधून विचारते, शेवटी कशी दिसत होती वं? म्हणजे पेटीत ठेवताना. मी सांगते, झोपल्यासारखी. ती म्हणते, तू होती म्हणून बरं झालं. तिकडच्या मैत्रिणींना ती सांगते की माझी लहान बहीण शेवटपर्यंत आईजवळून हलली नाही.

तो खेळ जपला गेला होता. दुसऱ्याच आठवड्यात मी उघडून पाहिलं. अकराही पट्ट्या हिरव्या होत्या.

ताई सांगते त्यात एक गोष्ट खरी आहे. मी आईजवळून हलले नव्हते.