डाव्या चाकाचा दिवा

विमानाचं डावं टायर फुटलं आणि टॉवरला द्यायची खबर मी प्रवाशांना दिली. एकदा नाही, तीनदा.

जळगावच्या विमानतळावरून दुपारी आमचं दोन पंख्यांचं छोटं विमान निघालं होतं. कॅप्टन मी, धुळ्याचा. शेजारी सहवैमानिक, शिरपूरची, वयाने माझ्या निम्मी. आता ब्रेक मारला तर थेट पलीकडच्या शेतात जाऊ, इतका वेग झाला होता आणि नेमकं तेव्हाच डावीकडे धाडकन आवाज झाला. विमान त्या बाजूला ओढू लागलं. कसंबसं सरळ धरलं आणि उचललं.

अशा वेळी काय करायचं ते आम्हाला सिम्युलेटरमध्ये घोटून घोटून शिकवतात. आधी विमान उडवत राहायचं. मग कुठे जायचं ते ठरवायचं. बोलायचं सगळ्यात शेवटी. मी धुळ्याचा माणूस. बोलायचं शेवटी हे आमच्या रक्तातच नाही. तरी पहिली गोष्ट बरोबर केली, चाकं आत ओढली नाहीत. फाटलेलं टायर पोटात अडकलं तर पुन्हा बाहेर येत नाही. चाकं खाली नीट पक्की असली की समोर तीन हिरवे दिवे लागतात. दोनच लागले होते. डावा विझलेला. म्हणजे टायरच्या तुकड्याने एक तर दिव्याची वायर तोडली होती, नाही तर त्या चाकाच्या पायाची कडीच मोडली होती. वायर असेल तर काहीच नाही. कडी असेल तर टेकताक्षणी पाय दुमडणार, फिरता पंखा जमिनीला लागणार, आणि त्याच पंखात इंधन. आत बसून दोन्हींतला फरक कळत नाही.

विमान सहवैमानिकेच्या हातात दिलं आणि मी बोलायला लागलो. "मेडे, मेडे. डावं टायर गेलं, पाय पक्का आहे की नाही माहीत नाही." मेडे म्हणजे संकटाची हाक. हे सगळं इंग्रजीत. टॉवरचं उत्तर नाही. पुन्हा सांगितलं. उत्तर नाही. तुकड्याने रेडिओसुद्धा तोडला? तिसऱ्यांदा सांगितलं ते मराठीत, आणि आवाज चिरकला: "अरे, कोणी ऐकतंय का?"

मागून आमच्या केबिनवाल्या बाईंचा फोन आला. "सर, तुम्ही आम्हाला सांगताय. टॉवरला नाही."

बटण चुकीचं दाबलं होतं. "इंग्रजी सगळ्यांना कुठे कळतंय," मी पुटपुटलो.

"चौथ्या रांगेत एक मास्तर आहेत, सर. त्यांनी सगळ्यांना मराठीत सांगितलं. आणि शेवटचं तर तुम्हीच मराठीत म्हणालात. दोघा-तिघांनी 'ऐकतोय' म्हणून उत्तरही दिलं."

सहवैमानिकेच्या ओठाचा कोपरा हलला. मग तोही थांबला.

योग्य बटण दाबल्यावर टॉवर लगेच बोलला. धावपट्टीवर टायरचे तुकडे पडलेत, ते झाडून काढेपर्यंत उतरता येणार नाही. तसंही इंधन जाळून हलकं व्हायचंच होतं, कारण ते वरून ओतून देण्याची सोय आमच्या विमानात नाही. मग गेलो फिरत. तापीकाठच्या केळीच्या बागांवरून सावद्यापर्यंत, तिथून वळून धुळ्याकडे, पुन्हा परत. धुळ्यावरून जाताना घर कुठे असेल ते शोधायला मी खाली बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्याच्याने काही झालं नसतं.

मागे रडणं चालू होतं, दारातून ऐकू येत होतं. बाईंनी डाव्या पंख्याच्या रेषेतली माणसं उठवून दुसरीकडे बसवली. ज्यांना उठवलं त्यांना आपल्याला का उठवलं ते न सांगता कळलं. मी धीर द्यायला माईक घेतला, या वेळी बटण दोनदा बघून. "घाबरू नका" एवढं म्हणालो आणि पुढचं वाक्यच सुचेना. माईक तसाच उघडा. माझा श्वास तेवढा सगळ्यांना ऐकू गेला. बाईंनी मागून त्यांचा माईक घेतला आणि डोकं गुडघ्यांत कसं घालायचं ते शांतपणे सांगायला सुरुवात केली.

टॉवरने सांगितलं, धावपट्टीवरून एकदा खालून जा, आम्ही दुर्बिणीतून पाय बघतो. गेलो. तेव्हा मला विमानतळाच्या भिंतीबाहेरचा रस्ता दिसला. मोटारसायकलींची रांग, जीपच्या टपावर माणसं, लुगड्यांचे रंग. आम्ही खाली फिरत होतो तिथे मोबाईलला रेंज होती. माझी बातमी ऐकून प्रवाशांनी घरी फोन केले होते. घरचे आले होते. त्यांना काय बघायला बोलावलं होतं मी?

"पाय खाली दिसतोय," टॉवर म्हणाला. "त्याच्या दोनपैकी एक टायर नाही. कडी लागली आहे की नाही, सांगता येत नाही."

एवढ्यासाठी गेलो होतो.

विमान अजून सहवैमानिकेच्याच हातात होतं. असं उतरवणं हे कॅप्टनचं काम. मी दांड्याकडे हात नेला आणि मला तो हात दिसला. वाऱ्यावरच्या केळीच्या पानासारखा. मी तो मांडीखाली दाबला.

"तूच उतरव."

"नक्की, सर?"

"माझ्याकडे बघू नको. बाहेर बघ."

मग मी फक्त वेग आणि उंची मोठ्याने वाचत राहिलो. डावा दिवा विझलेलाच. तिने डावा पंख वर धरून उजवं चाक आधी टेकवलं. त्या एका चाकावर विमान धावत राहिलं, आणि मला वाटत होतं की हा पंख तिने कधी खाली घेऊच नये, आपण असेच मुक्ताईनगरपर्यंत जावं. पण वेग मरतो तसा पंख खाली येतोच. डावं टेकलं. खरखर झाली, ठिणग्या उडाल्या. मी डोळे मिटले. कॅप्टनने डोळे मिटू नयेत, हेही शिकवलेलं असतं.

पाय दुमडला नाही. वायरच होती.

विमान धावपट्टीवरच डावीकडे जरा कलून थांबलं. शिडी लागली. विमान कोणी उतरवलं ते बाईंनी मागे सांगून टाकलं होतं. उतरणारा प्रत्येक माणूस दारात उभ्या पोरीचा हात धरून पुढे जात होता. कुणी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी तिच्या मागे उभा होतो, टोपी घालून, कारण टोपी घातली की कॅप्टन ओळखू येतो. सगळ्यात शेवटी एक म्हाताऱ्या अक्का आल्या, पंख्याजवळून उठवलेल्यांतल्या. लुगडं, हातात पिशवी, चेहरा रडून सुजलेला. त्यांनी पोरीला खालीवर न्याहाळलं.

"माय, इमान तूच उतारं?"

"हो, अक्का."

"बठ्ठं तूच करं?"

"सगळं नाही, अक्का. सर शेजारी बसले होते ना," ती बिचारी म्हणाली.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. टोपीकडे बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे वळून विचारलं, "मंग याले तठे कसाले बठाडेल व्हतं?"