नळीतली हवा

गेल्या ऑगस्टात रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत एका अवकाश दुर्बिणीचं उपकरण चाचणीला आलं. ताऱ्याचा उजेड झाकून त्याच्या ग्रहाचा मंद उजेड ते रंगांत विभागणार होतं. कुठल्या रंगात उजेड कमी पडतो, यावरून ग्रहाच्या हवेत काय आहे ते कळतं. पाण्याच्या वाफेचीही अशी ठरलेली जागा असते.

आमच्या आलेखात नेमका तिथेच खड्डा पडला. आणि समोर तर साधा दिवा होता.

उपकरण न्यायला पुण्याहून आलेले साहेब घाईत होते. "त्या जागी सेन्सर कमजोर आहे असं लिहा आणि सही करा. सॉफ्टवेअर तो खड्डा भरून काढेल."

"आणि सेन्सर ठणठणीत असला तर?" मी विचारलं. " मग ते ग्रहावरच्या खऱ्या वाफेचा खड्डाही भरून काढेल. असलेलं पाणी कुणाला दिसणारच नाही."

"मॅडम, गाडी खाली उभी आहे."

आमचे तंत्रज्ञ भाई मूळचे दाभोळचे, आखातात वर्षानुवर्षं एसी दुरुस्त करून परतलेले. ते म्हणाले, "ड्रायव्हरला चहा पाजा, साहेब. आमच्याकडे या दिवसांत बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. ही नळी काय कोरडी राहणार?"

दिव्याचा उजेड त्या नळीतून उपकरणाच्या निर्वात पेटीत जायचा. आधी कोरडा नायट्रोजन सोडून नळीतली हवा काढायची, दहा मिनिटं, असं यादीत होतं. यादी माझी. पुण्यात असताना ऐन मार्चच्या कोरड्या हवेत केलेली, इथे जशीच्या तशी वापरलेली. चूक माझीच, हे मी साहेबांना सांगून टाकलं.

"तुमच्या चुकीपायी उपकरण अडलं, तर पुढचं काम रत्नागिरीला येणार नाही."

"नको येऊ दे. खोट्या आकड्यावर सही होणार नाही."

अहवालावर मी लिहिलं: नळीत दमट हवा, चाचणी रद्द, पुन्हा घेणे. भाईंनी तोवर नायट्रोजनची तोटी उघडलीही होती.

खड्डा हळूहळू उथळ होत गेला. चौथ्या तासाला रेघ सपाट आली.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" साहेबांनी पेन पुढे केलं.

"एकदाच झालंय. लागोपाठ तीनदा हीच रेघ आली पाहिजे. उद्या सकाळी दुसरी फेरी."

ते फोन घेऊन तणतणत बाहेर गेले. मी यादीतलं "दहा मिनिटं" खोडून "चार तास" लिहिलं.