अर्ध्यावर ओढलेला घोडा

मी लोकांना जाब विचारते. पत्रकं लिहिते, इथे जर्मनीत, इंगोलश्टाटच्या चौकात उभी राहून वाटते – घरात शस्त्र नको, एकही नको. चार वर्षांत कितीतरी परिच्छेद लिहिले असतील. हा एक मात्र लिहायचा राहिला. राहिला कसला – मी ठेवला. तुम्ही पहिलेच वाचताय.

दिगंबरकाका आमचे शेजारी. गिअरबॉक्स बनवण्यात तीस वर्षं घालवून निवृत्त झालेले. त्यांनी चकमकीची ठासणीची बंदूक घेतली – जुन्या पद्धतीची, पण नवी घडवलेली. इथे अठरा वर्षं पूर्ण असली की ती परवान्याशिवाय मिळते. परवाना लागतो तो बंदुकीच्या दारूला. यावर मी एक अख्खं पत्रक काढलं होतं. काकांनी ते वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाले, "कार्यकर्तीबाई, जर्मन सुधारलंय तुमचं. आता जरा केलरमध्ये या. बारीक स्क्रू धरताना माझे हात थरथरतात."

मी तळघरात गेले. का गेले? ज्याला विरोध करायचा ते माहीत हवं, असं स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. मला ती बंदूक आवडली होती.

नवी बंदूक रुळवावी लागते. गारगोटी चामड्यात गुंडाळून घोड्याच्या जबड्यात आवळायची, ती पोलादी पात्यावर नेमकी कुठे घासते ते बघायचं, ठिणग्या खालच्या वाटीत, रंजकाच्या – आधी पेट घेणाऱ्या बारीक दारूच्या – जागी पडतात का ते बघायचं. पुन्हा, पुन्हा. मी मेकॅनिकल इंजिनिअर. आम्हा लोकांना एक खोड असते – खरखरीत दिसलं की गुळगुळीत करायचं. चाप जड लागत होता. काका वर जेवायला गेले होते तेव्हा मी बंदुकीची कळ – चाप आणि घोडा जोडणारी यंत्रणा – खोलली आणि आतल्या खाचा दगडावर घासल्या. दोन खाचा. एक पूर्ण ओढलेल्या घोड्याची. दुसरी अर्ध्यावरची – रंजक भरताना घोडा अडवून धरणारी, माणसाला वाचवणारी. तिला हात लावायचा नाही, हे काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मी लावला. आरशासारखी चमकली ती.

दोन दिवसांनी, सोमवारी. भर दुपार, पण डोनाऊ नदीवरचं धुकं केलरच्या खिडकीला टेकलेलं. बंदूक बाकावर आडवी, रिकामी, घोडा अर्ध्यावर. मी चार पावलं लांब, हातात चहा. कुणी शिवलं नव्हतं, वर कुणी चालतसुद्धा नव्हतं. आणि घोडा पडला. एकच आवाज – झोपेत कुणी दात खावेत तसा. एक ठिणगी वाटीत पडली आणि विझली.

मी चहा बाजूला ठेवला. मग घोडा पुन्हा अर्ध्यावर ओढला. टिकला. हलवून पाहिला, टिकला. जणू त्या बंदुकीचं आणि माझं काही ठरलं होतं.

काका खाली आले. "काय गं, गप्प का?"

"काही नाही, काका."

त्यांनी चाप ओढून पाहिला. हलका लागला, खूश झाले. "गेनाऊ, अगदी बरोबर. आता आली वळणावर." हे मी केलंय, हे त्यांना सांगायला हवं होतं ना? सांगितलं असतं तर खाच घासल्याचं कळलं असतं. एवढीच भीती. एवढ्याशा भीतीसाठी मी पाच दिवस गप्प राहिले.

शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांनी दारू भरली, गोळी ठासली, घोडा अर्ध्यावर ओढला, पितळी डबीतून रंजक ओतू लागले. तोच आवाज. मग उजेड, मग हातातली डबी फुटली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तिथल्या फेराइनने – नेमबाजांच्या संघाने – कळ तपासली. दहा वेळा घोडा अर्ध्यावर ठेवला, दहाही वेळा टिकला. मग माझ्याकडे लेखी जबाब मागितला. मी लिहिलं, हात थरथरला, घोड्याला धक्का लागला. सही केली. त्या महिन्याचं पत्रकही मीच लिहिलं – म्हातारे हात आणि घरातली बंदूक. नाव घातलं नाही. सगळ्यांना कळलं. पत्रक चांगलं गेलं.

हॉस्पिटलमध्ये काका मलाच समजावत होते. "माझीच चूक गं. हातांचा आता भरवसा नाही." त्यांनी गाडी चालवणं सोडलं. काकू सांगतात, चहाचा कप हातात घेत नाहीत, टेबलावर ठेवायला लावतात. नातीला उचलून घेत नाहीत. ती "ओपा, ओपा" अशी आजोबांना हाक मारत पायाशी उभी असते आणि हे डावा, धड असलेला हातसुद्धा पाठीमागे नेतात.

मी त्यांच्या अगदी मागे होते. मला दिसत होतं. रंजक ओतताना त्यांचा हात जराही थरथरला नव्हता. घोडा आपणहून पडला – आणि तो पडतो, हे मला सोमवारपासून ठाऊक होतं.