भेगेला दोन वर्षांची मुदत

सिहोऱ्याजवळच्या ढिवरटोलीत, मासेमारांच्या त्या वस्तीत, तृप्तीची नोकरी कोणालाच धड कळलेली नव्हती. पोरगी नागपूरला कम्प्युटरवर पत्रा फाडते, एवढंच तिचा बाप धनीराम लोकांना सांगायचा आणि वर छाती फुगवायचा. तसं ते खोटंही नव्हतं. रेल्वेडब्याच्या पातळ पत्र्याला भेग गेली, तर धक्के खात खात ती कधी, कुठवर जाईल, हे ती पडद्यावर मांडून बघायची.

धनीराम आणि जमुनाबाई तलावात मासे धरायचे, तेही पत्र्याच्याच डोंग्यातून. ती वल्हवायची, तो जाळं सोडायचा. एकट्याचं ते काम नव्हे. मागच्या दिवाळीत डोंग्याच्या बुडाला बोटभर भेग दिसली. धनीराम तुमसरला नेऊन पत्रा बदलून आणणार होता, पण तृप्तीला शहाणपण दाखवायची सुरसुरी आली. तिनं भेग मोजली, पत्र्याची जाडी घेतली, लॅपटॉपवर डोंगा उभा केला, त्यात दोन माणसं आणि मासळी बसवली, लाटाही दिल्या.

"कायले तुमसरले जाता, बाबा? दोन वर्षं काही होत नाही."

पोरीनं सांगितलं म्हणजे झालं. धनीराम निर्धास्त झाला.

उन्हाळ्यात भर तलावात डोंगा बुडातून फाटला. जमुनाबाई जाळ्यात गुरफटली. धनीरामनं तिला कसंबसं काठावर ओढलं, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. बाई वाचली; पण नंतर कित्येक महिने ती तलावाकडे फिरकली नाही.

तृप्तीनं नागपुरात तो डोंगा पुन्हा उघडून पाहिला. जाडी बरोबर, वजन बरोबर. आणि एकदम तिला बडवणं आठवलं. जाळं सोडलं की मासे बिचकून त्यात शिरावेत म्हणून ढिवर काठीनं डोंगा बडवतात, चांगला तास तास. तो आवाज ती पाळण्यापासून ऐकत आली होती, आणि तोच भार तिनं हिशेबात धरला नव्हता. ऑफिसात दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर हिनंच त्याला फैलावर घेतलं असतं.

बापानं मात्र परस्पर निस्तरून टाकलं होतं. "आदल्या दिवशी मीनंच डोंगा गोट्यावरून ओढला," असं तो टोलीभर सांगत होता, बायकोलाही. भेग दिसल्यापासून तो डोंगा उचलूनच ठेवायचा, हे तृप्तीला ठाऊक होतं. तिनं बापाचं खोटं तसंच चालू दिलं, आणि तेच तिला आतून खात होतं.

नवा डोंगा आला त्या रविवारी तृप्ती नागपूरहून आली होती, आणि जमुनाबाईही त्यानंतर पहिल्यांदा काठावर आली. एक पाय आत टाकून थांबली.

"पाहिलं का व तुनं कम्प्युटरवर? तू हो म्हण, मंग बसतो मी."

मागून धनीराम डोळ्यांनी खुणावत होता, म्हण हो. डोंगा कोरा करकरीत. हो म्हणायला काहीच हरकत नव्हती.

"आई, मागच्या वेळी माहीच चूक होती. बडवणं मी धरलंच नव्हतं. बाबा माह्यासाठी खोटं बोलून राहिले."

जमुनाबाईनं पाय काढून घेतला आणि घराची वाट धरली. चार शिव्या दिल्या असत्या तर तृप्तीला बरं वाटलं असतं.

ती घाईघाईनं डोंग्यात चढली, वल्हं उचललं. "चला बाबा, मी बसते."

धनीरामनं खांद्यावरचं जाळं काठावर उतरवलं.

"आज त बसशीन, पोरी. उद्या कोण बसन?"