सुलूची चाळणी

"वहिनी, खरं सांग, माझी चाळणी कोणी घेतली होती का?" दवाखान्यातून घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या नणंदेनं, सुलूनं, मला विचारलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी तिच्या खाटेशेजारी मेथी निवडत होते. "नाय गो, कोण घेतंय तुझी चाळणी!" असं ठोकून दिलं आणि मेथीत मान घातली. तिला जाऊन आता महिना होईल... ते खोटं मी अजून विसरले नाही.

सुलू किड्यांची शास्त्रज्ञ. तीही जिवंत किड्यांची नाही, शेकडो वर्षं चिखलात गाडलेल्या किड्यांची. आजारपणामुळे गेलं वर्षभर तिनं काम सापगावला, आमच्या पडवीतच आणलं होतं. भर समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरचा, दलदलीतून थराथरानं काढलेला चिखल पिशव्यांतून यायचा. तो ती बारीक चाळणीवर धुवायची, मग त्यात रॉकेल घालून ढवळायची, की किड्यांच्या पंखांचे तुकडे वर तरंगायचे. "एवढी शिकली आणि धंदा काय, तर चिखल धुण्याचा!" मी चिडवायचे. ती म्हणायची, "अगो, खालच्या थरात नुसते बेटाचेच किडे. मग एका थरात एकदम धान्यातले टोके नि शेणातले किडे दिसतात. म्हणजे तिथं माणूस उतरला, धान्य नि गुरं घेऊन. त्याच्यावरच्या थरांत बेटाचे किडे कमी कमी होत संपतात. रान तोडलं ना त्यांचं." हे कळायला मला पुस्तक नको होतं. माझं माहेर मुरबाडचं, डोंगर बोडके होताना मी पाहिलेत.

दिवाळीनंतर एका फार खोल, फार जुन्या थरात तिला टोक्याचा अर्धा पंख मिळाला. म्हणजे माणूस त्या बेटावर सगळे मानतात त्याच्या कितीतरी आधी पोचला होता! परदेशातून फोनवर फोन. काडी झालेली ती बाई उशीला टेकून हसायची. शुक्रवारी त्यावरचा तिचा लेख छापायला जायचा होता. पण तुकडा एकच, म्हणून तिच्या मनात पाल चुकचुकत होती.

आणि मला माहीत होतं. दिवाळीत अनारशांसाठी जुना तांदूळ दळून घेतला, आमची चाळणी ऐनवेळी फाटली, आणि खुंटीवरची तिची मी उचलली. पीठ चाळलं, धुतली, परत टांगली. धुतली की झालं, असं मला वाटलं... पुढच्याच आठवड्यात तिनं तो थर धुतला. मालकांना, म्हणजे तिच्या भावाला, सांगितलं तर म्हणाले, "गप बस. चार दिवसांची सोबती ती, तिच्या तोंडचा घास कशाला काढतेस?" दोन दिवस मला अन्न गेलं नाही. बोलले तर तिचा शेवटचा आनंद जाणार, नाही बोलले तर तिच्या नावावर कायमचं खोटं राहणार.

गुरुवारी दुपारी मी बोलले. ती डोळे मिटून ऐकत होती. तशीच म्हणाली, "तांदूळ किती जुना?"

"गेल्या साली घेतलेला."

"टोके होते?"

"होते गो. पाखडून घेतला होता, पण..."

"लॅपटॉप दे."

तिनं स्वतः संस्थेतल्या लोकांना लिहिलं, तो तुकडा वगळा, तो खात्रीचा नाही. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पाणी हवं तर भावाला हाक मारायची. मी अंग पुसायचे, वेणी घालायचे, ती भिंतीकडे बघत राहायची. आठ दिवस! मला रडू यायचं आणि, खोटं कशाला बोलू, रागही यायचा. नवव्या दिवशी सकाळी ती गेली.

तेराव्यानंतर तिच्या संस्थेतल्या एक बाई सामान न्यायला आल्या. काचेच्या शेकडो नळ्या, प्रत्येकीवर ठिकाण, थर आणि शोधणाऱ्याचं नाव. त्यांनी एक नळी बाजूला काढून माझ्या हातात दिली. "ही आमच्या बेटाची नाही, तुमची दिसते." आत तिळाएवढा तपकिरी तुकडा. चिठ्ठीवर सुलूचं शेवटच्या दिवसांतलं वेडंवाकडं अक्षर होतं:

'टोका. सापगाव. जुना तांदूळ. शोधणाऱ्याचं नाव: वहिनी.'

अगो, हे तोंडानं बोलली असतीस तर काय झालं असतं?